तेहेतिसाव्या ओळीपासून

बगचं इतकं नेमकं वर्णन मला आजवर एकाही टेस्टरने दिलेलं नाही. वाशीच्या फळबाजारातल्या एका गाळ्याचे मेहताजी फोनवर म्हणाले, "मॅडम, वरचं बरोबर येतं. खाली गेलं की हमाली कमी लागते." कितव्या ओळीपासून, असं विचारलं तर उत्तर आलं, "ते तुम्ही बघा, इथे गाड्या लागल्यात."

एप्रिलमध्ये त्यांना याहून जास्त विचारायची सोय नसते. रत्नागिरी-देवगडचा हापूस उतरत असतो आणि दुपारपर्यंत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. आमचं ऑफिस तुर्भ्याला एमआयडीसीत, म्हणजे बाजाराच्या अगदी उशाशी, पण हंगामात तिथे जाऊन हाती काही लागत नाही. अशा गाळ्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. कुणाच्या किती पेट्या आल्या, काय भावाने गेल्या, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता शेतकऱ्याच्या पट्टीत काय उरलं, असा सगळा मामला. संध्याकाळी दिवसभराचा उतारा निघतो. आलेल्या प्रत्येक मालाची त्यात एक ओळ.

हा उताऱ्याचा भाग क्लोजर या लिस्प घराण्यातल्या भाषेत लिहिलेला आहे. ज्याने लिहिला तो केव्हाच दुसरीकडे गेला. मागे राहिलेल्यांनी त्याला शिव्या घालाव्यात असं त्या कोडमध्ये काही नाही, उलट वाचायला फार देखणा कोड आहे. माझी तक्रार त्या देखणेपणाबद्दलच आहे. मुद्द्याचा तुकडा असा (नावं इथे देवनागरीत लिहिलीत, आणि आकडे समजण्यापुरते धरलेत):

(बाइंडिंग [*हमाली* ८]
  (मॅप (फंक्शन [ओळ] (* *हमाली* (:पेट्या ओळ))) ओळी))

*हमाली* हे डायनॅमिक व्हेरिएबल. दोन्ही बाजूंना तारे लावायचे ही लिस्पवाल्यांची जुनी खूण, "सावधान, याची किंमत मधेच बदलू शकते" एवढंच सांगणारी. मुळात त्याची किंमत ५. हंगामात दर वेगळा, म्हणून तेवढ्यापुरते ८ बांधले आणि आत मॅप, म्हणजे यादीतल्या प्रत्येक ओळीला एकच फंक्शन लावणारा, चालवला. कुणालाही वाचून वाटेल की मॅप बाइंडिंगच्या कंसात आहे, तेव्हा प्रत्येक ओळीला ८ ने गुणलं जाणार. कंस तेच सांगतात, इंडेंटेशन तेच सांगतं. आणि दोघंही थापा मारतात.

बाइंडिंग काय करतं ते आधी. क्लोजरमध्ये ते चालू थ्रेडच्या (प्रोग्रामच्या चालू धाग्याच्या) चळतीवर एक चौकट चढवतं, "आता *हमाली* म्हणजे ८", मग आतला कोड चालवतं, आणि आतला कोड संपला की, बरा संपो वा एरर येऊन संपो, ती चौकट उतरवून ठेवतं. म्हणजे बाइंडिंगचा अंमल जागेवर नसतो, वेळेवर असतो. कंसात काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चौकट चढलेली असताना जे प्रत्यक्ष चालतं तेवढ्यालाच ८ दिसतात.

आणि मॅप? तो कंसात असताना काहीच करत नाही. मॅप लेझी आहे. तो एक सीक्वेन्स परत देतो, ज्यात उत्तरं नसतात, "मागशील तेव्हा काढून देईन" अशी नोंद असते. त्या नोंदीत फंक्शन असतं, आणि फंक्शनने आजूबाजूची साधी, लेक्सिकल (कोडमध्ये जिथे लिहिलंय तिथूनच अर्थ ठरणारी) नावं सोबत बांधून घेतलेली असतात. तारेवालं नाव मात्र फंक्शन बांधून घेत नाही. त्या नावाची किंमत फंक्शन प्रत्यक्ष चालेल त्या क्षणी विचारली जाते. "आजच्या भावाने लावा" अशी तारीख न घातलेली चिठ्ठी देऊन माणूस निघून जावा आणि ती चिठ्ठी चार दिवसांनी उघडली जावी, तसं. चिठ्ठी खोटी नाही. फक्त "आज" हे उघडणाऱ्याचं आहे, लिहिणाऱ्याचं नाही.

तर बाइंडिंग संपलं, चौकट उतरली, सीक्वेन्स बाहेर आला, आणि छपाईच्या कोडने पहिल्यांदा त्याला हात लावला. तेव्हा *हमाली* ५ होती. हाच वरचा तुकडा रेपलवर, म्हणजे लिहिलेला कोड लगेच चालवून उत्तर दाखवणाऱ्या पडद्यावर, टाकून बघा. सगळं ५ ने गुणून येतं, कारण रेपल उत्तर छापतं ते बाइंडिंग आटपल्यावर. रेपल या बाबतीत प्रामाणिक आहे. आमचा प्रोग्राम नव्हता.

कारण इतकंच असतं तर उताऱ्यातली प्रत्येक ओळ चुकली असती आणि जानेवारीतच कुणीतरी ओरडलं असतं. मेहताजी म्हणत होते की वरचं बरोबर येतं. ते का, हा या प्रकरणातला खरा रसाळ भाग आहे.

आमच्याकडे उरणहून येणारा एक नवा मुलगा आहे. चुणचुणीत आहे. आवक नसेल त्या दिवशी कोरा कागद छापून येतो, तो येऊ नये म्हणून त्याने एक तपासणी घातली होती. उतारा रिकामा आहे का, असेल तर "आज आवक नाही" असं छापा. अगदी रास्त मागणी. ही तपासणी बाइंडिंगच्या आत होती. सीक्वेन्स रिकामा आहे का हे कळायला त्याचा पहिला घटक तरी काढून बघावा लागतो. लेझी सीक्वेन्सला एक मागितला की एकच मिळावा अशी आपली समजूत. पण क्लोजर १.१ पासून व्हेक्टरसारख्या (मेमरीत तयार असलेल्या यादीसारख्या) रचनांवर मॅप चालवला तर तो एकेक करून देत नाही, ३२ च्या गठ्ठ्याने काढतो. एकेका घटकासाठी वेगळी नोंद करण्याचा खर्च वाचावा म्हणून. त्यामुळे "रिकामा आहे का" एवढ्या प्रश्नापायी पहिल्या ३२ ओळी बाइंडिंगच्या आत, ८ च्या दराने हिशेब होऊन तयार झाल्या. आणि लेझी सीक्वेन्स एकदा काढलेली किंमत जपून ठेवतो, पुन्हा काढत नाही. तेहेतिसाव्या ओळीपासूनचा माल बाहेर, छपाईच्या वेळी, ५ ने.

आता जानेवारीत का कुणी बोललं नाही ते उघड आहे. तेव्हा पेट्या तुरळक, दिवसाला बत्तिसाच्या वर ओळी जातच नव्हत्या. आणि टेस्टमध्ये नमुन्याच्या पाच ओळी. टेस्ट हिरवीगार.

मुलाने आपल्या परीने शोध घेतला होता. बाइंडिंगच्या आत प्रिंटची ओळ टाकून पूर्ण सीक्वेन्स छापून बघितला. सगळं बरोबर. काढली, पुन्हा चूक. "ताई, बघायला गेलं की बरोबर येतं आणि नाही बघितलं की चुकतं," असं तो मला म्हणाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भूत पाहिल्याचा भाव होता. भूत नाही. छापताना सगळा सीक्वेन्स आतच वसूल झाला, किंमती जपल्या गेल्या, बाहेर आल्यावर काढायला काही उरलंच नाही. लेझी कोडमध्ये बघणं हीसुद्धा एक क्रिया असते, आणि जो पहिला हात लावेल त्याच्या वेळचं जग त्या किमतीत कायमचं मुरतं. एकाच सीक्वेन्सचा अर्धा भाग एका दराने आणि अर्धा दुसऱ्या दराने, आणि दोन्ही अर्धे आपापल्या परीने "खरे".

आणखी एक गंमत त्याला करून दाखवली. तोच कोड, तीच तपासणी, फक्त ओळी व्हेक्टरऐवजी फाइलमधून लाइन-सीकने वाचल्या. लाइन-सीक गठ्ठ्याने देत नाही, एकेकच देतो. आता पहिलीच ओळ बरोबर आणि दुसरीपासून चूक. फंक्शनमध्ये एका अक्षराचा बदल नाही. माल कुठून आला यावर हिशेब ठरतो! फंक्शनल प्रोग्रॅमिंगची सगळी मिजास "तेच इनपुट, तेच आउटपुट" यावर चालते, आणि एका तारेवाल्या नावाने ती अशी उतरवली.

हे दुखणं नवं नाही. लिस्प १९५८ ते १९६० च्या सुमारास एमआयटीत आकाराला येत होती तेव्हा तिथे फक्त डायनॅमिक बाइंडिंगच होतं. जेम्स स्लेगल यांनी एक फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या हवाली केलं, आतल्या व्हेरिएबलने भलत्याच ठिकाणची किंमत उचलली, आणि त्यांनी तक्रार केली. जॉन मॅकार्थींनी पुढे लिस्पचा इतिहास लिहिताना कबूल केलंय की त्यांना तो साधा बग वाटला होता आणि स्टीव्ह रसेल लवकरच दुरुस्त करतील अशी खात्री होती. तो निघाला "फनार्ग प्रॉब्लेम" (फनार्ग म्हणजे फंक्शनल आर्ग्युमेंट, आर्ग्युमेंट म्हणून दिलेलं फंक्शन), ज्यावर पुढे वर्षानुवर्षं खल झाला. १९७५ साली सस्मन आणि स्टील यांच्या स्कीमने लेक्सिकल स्कोप घेतला, आणि तेव्हापासून बहुतेक भाषांत फंक्शनला त्याच्या जन्मस्थानाची नावं मिळतात, कामाच्या ठिकाणची नाही.

फनार्गचा जो वरच्या दिशेचा प्रकार आहे, म्हणजे फंक्शन आपल्या घराबाहेर परत पाठवलं जातं तो, आमची हमाली त्यातलीच. फरक एवढाच की इथे फंक्शन परत चाललंय हे दिसत नाही. उघडपणे फंक्शन परत केलं असतं तर वाचणारा एकदा तरी थबकला असता. लेझी सीक्वेन्स म्हणजे यादीचे कपडे घालून बाहेर पडलेलं फंक्शन. १९७६ साली हेंडरसन आणि मॉरिस यांनी, आणि वेगळ्या वाटेने फ्रीडमन आणि वाइज यांनी, लेझी इव्हॅल्युएशनची मांडणी केली तेव्हा "गरज पडेल तेव्हा, आणि एकदाच" हे सूत्र चालायला एक अट होतीच: केव्हाही काढलं तरी उत्तर तेच यायला हवं. डायनॅमिक व्हेरिएबल नेमकी तीच अट मोडतं.

हॅस्केल या दुसऱ्या फंक्शनल भाषेच्या लोकांनी यावर हसू नये. तिथे डीफॉल्टच लेझी, आणि स्कोप लेक्सिकल, म्हणून ही विशिष्ट चूक होत नाही. तिथे डायनॅमिक बाइंडिंगसारखं काही हवं असेल तर इम्प्लिसिट पॅरामीटर नावाची सोय आहे, २००० सालच्या एका पेपरातून आलेली. पण कंपायलर तिचं रूपांतर छुप्या आर्ग्युमेंटमध्ये करतो, त्यामुळे किंमत नोंदीसोबतच बांधली जाते. हुशारी आहे, वादच नाही. पण डायनॅमिक व्याप्ती असलेली गोष्ट म्हणजे फक्त व्हेरिएबल नव्हे. एरर पकडणारा कॅच हाही "मी चालू आहे तोवरच" अशा स्वभावाचा असतो. कॅचच्या आत शून्याने भागाकाराची लेझी नोंद नुसती परत केली की कॅच आटपतो, नोंद बाहेर उघडली जाते, आणि एरर मोकळ्या मैदानात फुटतो. त्यासाठी इव्हॅल्युएट नावाचं वेगळं फंक्शन ठेवावं लागलं. फाइलचंही तेच. विथ-फाइलच्या आत लेझी वाचन सुरू केलं, बाहेर मजकूर मागितला, तोवर फाइल बंद. क्लोजरमध्ये विथ-ओपन आणि लाइन-सीकची जोडी अशीच "स्ट्रीम क्लोज्ड" म्हणून ओरडते. ओरडते हे तिचे उपकार. हमाली निमूटपणे चुकते.

पायथनमध्ये हेच डेसिमल मॉड्यूलने दिसतं, आणि हिशेबाच्या कामात ते मॉड्यूल हवंच. लोकल कॉन्टेक्स्ट लावून अचूकता ठरवली, आत जनरेटर (मागेल तशी एकेक किंमत काढून देणारा, पायथनचा लेझी सीक्वेन्सच म्हणा) बनवला, बाहेर आल्यावर त्यातून किंमती काढल्या, तर भागाकार बाहेरच्या अचूकतेने होतात. २०१७ मध्ये पेप ५५० ने (पेप म्हणजे पायथनमध्ये बदल सुचवणारा प्रस्ताव) जनरेटरसकट हा सगळा गुंता सोडवायचा प्रस्ताव मांडला होता. तो मागे घेतला गेला. त्याऐवजी पेप ५६७ आला, पायथन ३.७ मध्ये, आणि त्याने असिंक टास्कपुरता प्रश्न सोडवून जनरेटर बाजूला ठेवले. मला यात त्यांचा दोष वाटत नाही. प्रत्येक यील्डला, म्हणजे जनरेटर एकेक किंमत देतो तेव्हा, जग बदलून पुन्हा पूर्ववत करायचं म्हणजे हळूपणा आला, आणि नेमकं कुणाचं जग खरं यावर एकमत होणं कठीणच.

क्लोजरने प्रत्येक लेझी नोंदीसोबत बाइंडिंगची चौकट का बांधून दिली नाही, असं मुलाने विचारलं. प्रश्न चांगला होता, कारण आवृत्ती १.३ पासून फ्यूचरला चौकट आपोआप पोचते. म्हणजे काम दुसऱ्या थ्रेडवर पाठवलं तर *हमाली* ८, आणि त्याच थ्रेडवर थोडं उशिरा मागितलं तर ५. विचित्र आहे खरं. पण फ्यूचर एक असतो, सीक्वेन्सच्या नोंदी लाखभर असू शकतात. प्रत्येकीच्या गळ्यात अख्खी चौकट अडकवली तर ती चौकट आणि तिने धरून ठेवलेलं सगळं मेमरीत अडकून पडणार. आणि छपाईसारख्या गोष्टीत आपल्याला बनवणाऱ्याचं नव्हे, मागणाऱ्याचं जग हवं असतं. माझ्या मते भाषेने हात वर केले ते ठीकच केलं. त्या १.३ मध्येच, २०११ साली, डायनॅमिक व्हेरिएबल तसं जाहीर करून मागावं लागेल असा नियमही आला, आधी ते फुकट मिळायचं. तो इशारा पुरेसा होता.

उपाय म्हणून जिथे विचाराल तिथे पहिलं उत्तर डू-ऑल असं मिळतं. सगळा सीक्वेन्स जागेवरच वसूल करा. आमच्या मुलाने तेच केलं आणि उतारा सुधारला. पण शेतकऱ्यानुसार गट पाडलेला दुसरा रिपोर्ट सुधारला नाही, कारण डू-ऑल फक्त बाहेरची पातळी वसूल करतो. प्रत्येक गटाच्या पोटात आणखी एक लेझी मॅप निजलेला होता, त्याला तो उठवत नाही. मॅप-व्हीचंही (लगेच व्हेक्टर बनवून देणाऱ्या मॅपचंही) तसंच. नेस्टेड डेटा असेल तर डू-ऑलवर विसंबू नये, वरवर सगळं जागं दिसतं.

बाउंड-फंक्शन हा दुसरा मार्ग. फंक्शन बनताना चालू चौकट टिपून घेतो आणि चालताना पुन्हा चढवतो. काम होतं, पण मॅपला दिलेला मूळ सीक्वेन्सच लेझी असेल आणि त्याच्या आत दुसरं तारेवालं नाव असेल तर तिथे हा पोचत नाही. टेस्टमधल्या विथ-रीडेफ्सला तर दोन्हींहून जास्त जपावं. एसएमएस पाठवणारं फंक्शन टेस्टपुरतं बदललं, आत लेझी मॅप ठेवला, आणि विथ-रीडेफ्स संपल्यावर निकाल तपासला, तर तेव्हा चालतं ते खरं फंक्शन. शेतकऱ्याच्या मोबाइलवर टेस्टचा मेसेज.

मला पटतो तो मार्ग कंटाळवाणा आहे. बाइंडिंगच्या आतच लेटने किंमत आधीच साध्या नावात उतरवून घ्या, म्हणजे फंक्शन ती सोबत बांधून नेईल, मग उघडेना का केव्हाही:

(लेट [दर *हमाली*]
  (मॅप (फंक्शन [ओळ] (* दर (:पेट्या ओळ))) ओळी))

आणि एकदा इथवर आलात की दर हे सरळ आर्ग्युमेंट म्हणूनच का देत नाही, हा प्रश्न उरतो. ज्या किमतीवर उत्तर अवलंबून आहे ती किंमत दारातून आत यावी, खिडकीतून नको. "सात फंक्शनांतून तो दर पास करत न्यायचा?" अशी कुरकुर झाली. हो, न्यायचा. निदान वाचताना दिसतं तरी की या सातही फंक्शनांना हमालीशी कर्तव्य आहे. लपवून वाचवलेलं टायपिंग कुणाच्या तरी पट्टीत कमी-जास्त होऊन निघतं.

*हमाली* आता कोडमध्ये नाही, तोलाईचंही तारेवालं नाव काढलं. एक मात्र मी राहू दिलंय: उतारा कुठे छापायचा, पडद्यावर, फाइलमध्ये की गाळ्यावरच्या डॉट मॅट्रिक्सवर, ते ठरवणारं. छपाई ज्या क्षणी होते त्या क्षणाचीच बाब आहे, ओळ कुठल्या बाइंडिंगमध्ये जन्मली याच्याशी प्रिंटरला काय करायचंय? अट एवढीच की तिथे मॅप नको, डू-सीक (एकेक ओळ घेऊन लगेच काम उरकणारा) हवा. मॅपने छापायला सांगून तो सीक्वेन्स कुणी मागितलाच नाही तर कागदावर एक ओळही उमटत नाही आणि एररही येत नाही. पोराला मॅपनेच छापायची सवय आहे, पुढच्या रिव्ह्यूत तेवढं बघायचंय.